गौरीला सड्यावर पोचवून आलो

आधीच सांगून टाकते, या सड्याचं नाव मी सांगणार नाही. कोयनानगरच्या पल्याड, घाटमाथ्याच्या अंगाला आहे, एवढं पुरे. सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचा सपाट कातळ. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात त्याच्या खळग्याखळग्यांत पाणी साचतं आणि भाद्रपदात त्या पाण्याच्या काठाने जे काही उगवतं ते जगात फार थोड्या ठिकाणी उगवतं. नाव छापलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागेल आणि कुणीतरी फुलांवर सतरंजी अंथरून भेळ खाईल. त्यामुळे रुसायचं असेल तर खुशाल रुसा.

मी वडूजची. आमच्याकडे पाऊस हा दुरून नमस्कार करून जाणारा पाहुणा. बाभळी, कुसळं आणि मटकीची रानं बघत मोठी झाले, म्हणूनच की काय, पाण्यातल्या फुलांचं मला भारी वेड. एका पुस्तकात वायतुऱ्याचं चित्र पाहिलं होतं. तळ्यात उगवणारं झाड, लांबट पानं पाण्यावर पसरलेली, आणि मधून वर आलेल्या दांड्याला दोन फाटे फुटून इंग्रजी वाय अक्षरासारखा तुरा. तो पांढुरका जांभळा तुरा कित्येक दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. गेल्या भाद्रपदात ठरवलं, जायचंच.

नणंदेला फोन केला. सुमनवन्सं कडेगाव तालुक्यात दिलेल्या. यजमान मिलिटरीतून रिटायर होऊन उसात रमलेले. मी सड्याचं नाव घेताच वन्सं म्हणाल्या, "वैनी, गौरीला हिकडंच या. आमच्या हौसाआक्कास्नी पण त्याच सड्यावर जायचंय. गौर घेऊन."

गौर घेऊन सड्यावर कशाला जायचं, ते मला कळलं नाही. पण वन्संच्या फोनवरच्या बोलण्यात शिरायला फट नसते, म्हणून गाडी काढली.

गौर यायचा दिवस

वन्संच्या घराशेजारीच वसाहत आहे. वरच्या डोंगरातलं एक गाव, जंगल राखीव झाल्यावर उठलं आणि इथे उसाच्या मुलखात येऊन बसलं. घरं आता पक्की झालीत, दारात ट्रॅक्टर आहेत, पण गावाच्या नावापुढे 'वसाहत' लागलंय ते काही निघत नाही. माणसंही बोलता बोलता अजून 'वर' म्हणतात. वर असं होतं, वर तसं होतं.

मी पोचले तेव्हा बायका ओढ्यावरून गौर घेऊन येत होत्या. आमच्या घरी वडूजला गौरी म्हणजे पितळेचे मुखवटे, त्यांना साड्या, नथी, समोर फराळाची आरास. इथे गौर म्हणजे झाड. ओढ्याकाठचा तेरडा मुळासकट उपटायचा, जुडी बांधायची, आणि तोंडात पाण्याची चूळ धरून घरापर्यंत यायचं, म्हणजे वाटेत बोलायला नको. वन्संना मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढा वेळ गप्प पाहिलं. डोळ्यांनीच त्या मला चपला कुठे काढायच्या, पाणी कुठे आहे, सगळं सांगत होत्या. उंबऱ्यावर त्यांच्या पायांवर दूधपाणी घातलं, गौर आत गेली, आणि मग चूळ टाकून त्या जे सुरू झाल्या ते शेपूची भाजी-भाकरी ताटात येईपर्यंत थांबल्या नाहीत.

संध्याकाळी त्या मला हौसाआक्कांकडे घेऊन गेल्या. सत्तरीच्या पुढची बाई, अंगाने सुपारीएवढी, कपाळावर मोठं गोंदण. त्यांच्या परसात धुण्याच्या दगडाशेजारी एक दगडी डोण होती, गुरांना पाणी पाजायची असते तसली. त्यात गढूळ पाणी. आणि त्या पाण्यावर लांबट पानं पसरलेली, मधून दांडे वर आलेले, प्रत्येक दांड्याला दोन फाटे.

मी तिथेच खाली बसले. ज्याच्यासाठी घाट चढायला निघाले होते ते फूल इथे, उसाच्या फडाला पाठ लावून, साबणाच्या वडीशेजारी फुललं होतं. तुरा इतका फिका होता की तिन्हीसांजेच्या उजेडात नुसता भास वाटावा. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"हे तुमी कुठनं आणलंत?" मीही नकळत त्यांच्यासारखी बोलू लागले.

"आणलं न्हाई, संगं आलं," हौसाआक्का म्हणाल्या. "ही आमची गौर. वर समद्या गावाची गौर कोंडीतनं, कातळातल्या पाण्याच्या खड्ड्यातनं यायची. हीच. तेरडा न्हाई आमच्यात. गाव उठलं तवा भादवाच व्हता. सासूबाईंनी गौर आणली आन् तिसऱ्या दिवशी गाडी आली. इसर्जन करायला कोंडीवर जायाचं व्हतं, पर सामान भराय लागल्याली माणसं. सासूबाईंनी गड्ड्यासकट कळशीत ठिवली आन् मांडीवर घिऊन बसल्या."

"मग इथे आल्यावर विसर्जन?"

"कुठं? हितल्या ओढ्यात साखर कारखान्याचा वास मारायचा. सासूबाई म्हणाल्या, डोणीत ऱ्हाऊ दे, म्होरल्या साली वर न्हेऊ." आक्का पाण्यावरचं एक वाळकं पान अलगद बाजूला करत होत्या. "म्होरलं साल काय आलं न्हाई. त्या गेल्या. मी दर साली हिलाच पुजायची आन् हितंच ठिवायची."

कडक उन्हाळ्यात डोण कोरडी पडायची, गड्डे चिखलात झोपून राहायचे, पावसाबरोबर परत उठायचे. बिघडलं काहीच नव्हतं. बिघडलं ते त्याच्या आदल्या वर्षी. देवदर्शनाची परवानगी काढून वसाहतीतली काही माणसं वर जाऊन आली आणि सांगत आली की कोंडीत गौर राहिली नाही, नुसतं गवत माजलंय.

"त्या दिसापास्नं माजं चित्त थाऱ्यावर न्हाई," आक्का म्हणाल्या. "म्हायेरला लेक किती दिस आणायची? तीन दिस. आमी तीन दिसांसाठी आणली आन् जलमभर ठिवून घेतली. तिकडं तिचं घर वसाड पडलं."

वन्संनी मध्येच तोंड घातलं, "मी म्हणते, थोडे गड्डे न्या, थोडे हितं ठिवा की वं. वर जगलं न्हाई तर?"

"अगं, थोडी लेक धाडायची आन् थोडी ठिवायची, असं असतंय व्हय?"

   वर नेऊन ते झाड मेलं तर या बाईची गौर संपणार होती, आणि त्या झाडाची एक अख्खी वस्तीही.

गौर जेवायचा दिवस

या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण बहुतेक वेळ मी पुरणपोळी खाऊन झोपले होते. इकडे पोळीबरोबर कटाची आमटी अशी झणझणीत करतात की नाक पुसावं की वाढून घ्यावं ते समजत नाही. आमच्या वडूजला आमटी तिखटच, पण तिच्यात निदान थोडी माणुसकी असते.

दुपारच्या गुंगीत मी आक्कांच्या पडवीत पडून डोणीकडे पाहत होते. उसाची पानं सळसळत होती, कुठेतरी मोटार चालू होती, गौरीपुढे बायका हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. पाण्यावर ते दोन फाट्यांचे तुरे वाऱ्याने जरासे झुकायचे आणि परत उभे राहायचे. मला वाटलं, त्यांना माहीत आहे उद्या निघायचंय. झोपेत माणसाला असं काहीबाही वाटतं.

संध्याकाळी आक्का कानोले करायला बसल्या. निघायच्या माणसासाठी कानोल्याच्या कडेला मुरड घालतात, म्हणजे जाणारी व्यक्ती पुन्हा मुरडून येते. आक्कांनी पहिल्या कानोल्याला मुरड घातली, मग हात थांबला.  मग बाकीच्यांच्या कडा त्यांनी नुसत्या दाबून बंद केल्या.

"मुरड ऱ्हायली की वं आक्का," वन्सं म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "परत बोलवायचं न्हाई तिला."

गौर जायचा दिवस

पहाटे डोण रिती केली. आक्कांनी चिखलात कोपरापर्यंत हात घालून एकेक गड्डा असा काढला, जणू झोपलेलं मूल उचलत होत्या. सगळं कळशीत बसवलं, तुरे वर ठेवून. कळशी आक्कांच्या मांडीवर, आक्का माझ्याशेजारी, आणि मागच्या सीटवर वन्सं, कानोल्यांचा डबा आणि आमच्या सगळ्यांच्या भीतीचा मक्ता घेऊन.

कऱ्हाड मागे पडलं तसा ऊस संपत गेला. पाटणच्या पुढे भात दिसू लागला, मग भाताच्या कडेने उभी नाचणी, आणि कोयनानगरच्या आसपास ढग खाली उतरून रस्त्यावरच बसलेले. वळणावर मी गिअर बदलताना गाडीने हिसका दिला की वन्सं विचारायच्या, "भूकंप झाला का वं?" टपरीवरच्या चहावाल्याला त्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, "न्हाई मावशी, आज अजून झाला न्हाई," आणि चहा गाळत राहिला.

सड्याच्या पायथ्याला वनखात्याची चौकी आहे. तिथे शिंदे नावाचे वनरक्षक होते, चाळिशीचे, रेनकोटात. आक्कांनी आम्हा तिघींसाठी काढलेली देवदर्शनाची परवानगी त्यांनी पाहिली, प्लास्टिकच्या बाटल्या काढून ठेवायला लावल्या, आणि मग त्यांची नजर कळशीवर गेली.

"ह्ये काय आक्का?"

"गौर."

शिंदेंनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. "आवं, ही तर वरची हाय."

"वरचीच की. तिच्या घरी पोचवाय आलोय."

शिंदे सरळ उभे राहिले. "भायेरचं रोप आत न्हेता येत न्हाई आक्का. कायदा हाय. मी लावू दिलं तर माजी नोकरी जाईल."

"भायेरचं न्हवं रं बाबा. हितनंच गेल्यालं."

"मला पटतंय. कागदाला कसं पटवू?"

त्यांनी साहेबांना फोन लावून पाहिला. रेंज नव्हती. बाहेर धुकं एवढं होतं की फाटकाचा दांडासुद्धा अर्धाच दिसत होता. मी त्यांना सांगून पाहिलं की हे दुर्मीळ आहे, पुस्तकात आहे. ते नम्रपणे म्हणाले, "म्हणूनच तर न्हाई म्हणतोय मॅडम." ते बरोबरच बोलत होते. खालची माती वर गेली की तिच्यासोबत गाजर गवतही जातं, हे मलाही ठाऊक होतं.  आक्का कळशी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. त्यांनी पदरही लावला नाही.

मग शिंदेंनी विचारलं, "आक्का, हिचं इसर्जन कवा क्येलं व्हतं?"

"क्येलंच न्हाई कंदी," आक्का म्हणाल्या. "गाव उठल्यापास्नं."

 शिंदेंच्या घरीही आज गौर जाणार होती. त्यांची बायको तिन्हीसांजेला ओढ्यावर जाणार होती, हे त्यांनीच मघाशी चहा देताना सांगितलं होतं.

"ह्ये बगा," ते शेवटी म्हणाले. "रोप मी लावू देणार न्हाई. ते माज्या हातात न्हाई. पर वर देव हाय तुमचा, देवाच्या कामाला परवानगी हाय, आन् आज गौर इसर्जनाचा दिस हाय. गौर पाण्यात सोडताना अडवा, असं मला आजपत्तोर कुणी सांगितल्यालं न्हाई. फकस्त एक करायचं. खालची माती एक कणसुद्दा वर जाता कामा न्हाई. समदं हितं धुवायचं."

वन्सं लगेच उठल्या. "मग पाय धुवायचंच की! गौर घरात शिरताना पाय धुत्यात न्हवं?"

चौकीच्या पागोळीखाली आम्ही तिघी बसलो. शिंदेंनी बादली आणली. आक्कांनी एकेक गड्डा हातात घेऊन त्याची मुळं बोटांनी सोडवली, कडेगावची काळी माती धुतली, आणि शेवटी वन्संनी चहासाठी आणलेलं उरलेलं दूध दोन थेंब वर घातलं. शिंदे ते धुतलेलं पाणी खाली सांडू न देता बादलीतच धरत होते, म्हणजे त्यातलं बी चौकीपाशी रुजायला नको. नंतर त्यांनी ती बादली पार खाली रस्त्याच्या कडेला नेऊन ओतली आणि तेही आमच्याबरोबर वर निघाले.

आणि मग सडा.

आता इथून पुढचं मला नीट आठवत नाही, म्हणजे आठवतं ते सगळं धूसर आठवतं. पायाखाली काळा कातळ, त्यावर बोटभर माती, आणि त्या मातीवर गेंद नावाच्या रानफुलाची पांढरी बोंडं, लाखांनी. धुकं सरकलं की वाटायचं जमीनच सरकतेय. गेंदाच्या मध्ये मध्ये जांभळे ठिपके, सीतेची आसवं, नखाएवढी फुलं. त्यांच्या मुळाशी पाण्यात बारीक पिशव्या असतात आणि त्यात ती किडे धरून खातात, हे सांगितल्यावर वन्सं पाय आवरून चालू लागल्या. पाण्याच्या खळग्यात कुमुदिनीची झालर लावलेली पांढरी फुलं. उताराला सोनकीचा पिवळा पट्टा, तोही धुक्यात विरघळलेला. आवाज म्हणाल तर बेडूक, आणि पाणी कातळावरून घसरतं त्याची खळखळ. वडूजच्या बाईला एवढं पाणी एका जागी निवांत बसलेलं दिसलं की जीव गलबलतो. मी दोनदा घसरून पडले आणि दोन्ही वेळा उठावंसं वाटलं नाही. एक जळू घोट्याला चिकटली होती, तिचाही राग आला नाही.

आक्का मात्र सरळ चालत होत्या, परसात चालावं तसं. मध्येच थांबून म्हणाल्या, "हितं आमचं खळं," आणि तिथे नुसता तेरडा होता. "हितं देवाप्पाचं घर." तिथेही तेरडा. मोठ्या कोंडीवर आलो. खरंच, पाणी दिसत नव्हतं, गवताने गच्च भरलेली.

"म्हशी लोळायच्या हितं," शिंदे म्हणाले. "त्या गेल्या, मग गवताला रान मोकळं."

आक्का तिथे थांबल्याच नाहीत. वर एक लहानशी कोंड होती, प्यायच्या पाण्याची, चारी बाजूंनी कातळ. तिचं पाणी स्वच्छ होतं आणि तळाला मऊ गाळ. आक्का गुडघ्यावर बसल्या. कानोल्यांच्या डब्यातून त्यांनी तो एकुलता मुरड घातलेला कानोला काढला, पाहिला, आणि माझ्या हातावर ठेवला. "तुमी खावा." बिनमुरडीचा गौरीपुढे ठेवला आणि पुन्हा उचलून पदरात बांधला, कारण कोंडीत अन्न टाकायचं नाही असं शिंदेंनी बजावलं होतं.

मग एकेक गड्डा हातात धरून त्यांनी हात पाण्यात नेला. पार खाली, गाळापर्यंत. विसर्जन करताना माणूस हात सोडतो, आक्का हात सोडायला वेळ लावत होत्या. शिंदे आमच्याकडे पाठ करून धुक्याकडे बघत उभे होते. शेवटचा गड्डा गेला तेव्हा तुरे पाण्याखालून वर आले, थोडे हलले आणि दोन फाटे करून उभे राहिले.

"ऱ्हा बाई आता," आक्का म्हणाल्या. "लय दिस ठिवून घेतलं. राग मानू नगंस."

वन्सं हुंदके देऊन रडायला लागल्या. मीही रडले, लपवत नाही. एक लेक सासरी जाते तेव्हा मांडवात जसं होतं तसंच झालं होतं. फक्त मांडवाच्या जागी धुकं होतं आणि तिला घेऊन जायला कुणी आलेलं नव्हतं, तिला ठेवून आम्हांलाच परत निघायचं होतं.

विसर्जनाहून येताना काठावरची मूठभर वाळू घरात टाकायला आणतात. आक्का खाली वाकल्या, मग शिंदेंकडे पाहून तशाच उठल्या. रिकामी कळशी घेऊन खाली आलो. कानोला मी कोयनानगरला पोचल्यावर खाल्ला, पिठलं-भाकरीच्या आधी.

शिंदेंनी दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. थोडी बोलणी खाल्ली, पण झाड उपटायला कुणी गेलं नाही. हिवाळ्यात कोंड आटली. उन्हाळ्यात सडा तापला. मी फोन करायला घाबरत होते, आणि वसाहतीत आक्काही कुणाला विचारत नव्हत्या, असं वन्सं सांगायच्या.

औंदा आषाढ सरता सरता शिंदेंचा फोन आला. कुठल्यातरी उंचवट्यावर रेंजसाठी चढून बोलत होते, वारा फोनमध्ये शिरत होता. "मॅडम, आक्कास्नी सांगा, उठली. पानं पाण्यावर आल्यात. वरच्या कोंडीत तर हायतीच, पर पाणी वाहून खालच्या खळग्यातबी दोन पानं दिसली."

मी लगेच वन्संना फोन केला. त्या चालू फोन हातात घेऊन वसाहतीत पळाल्या, मला त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मी आक्कांना सगळं सांगितलं.  पलीकडून पाण्याचा आवाज आला. वन्संनी नंतर सांगितलं, आक्का डोण घासत होत्या, दर पावसाळ्यात घासतात तशी.

"सुखरूप हाय म्हणायची," एवढंच त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "आक्का, मग आता भाद्रपदात तुमच्याकडे गौर कशाची?"

"तेरड्याची. वड्याकाठची," आक्का म्हणाल्या. "आन् तिला उंबऱ्यावरच सांगीन, थोरलीचं बरं चाललंय."